दुसऱ्या भागात काय हरवलं

एड बून आणि जॉन टोबायस यांचा 'मॉर्टल कॉम्बॅट' हा खेळ १९९२ साली आला. खऱ्या माणसांच्या हालचाली चित्रित करून त्यांनी त्या खेळात उतरवल्या होत्या, त्यामुळे त्यातला ठोसा खरा वाटे. यवतमाळात आमच्या पिढीने तो टीव्हीला जोडायच्या कॅसेटवर खेळला.

या खेळावरच्या १९९५ च्या चित्रपटाने जगभरात बारा कोटी डॉलरहून अधिक कमावले. त्यात नायक लिऊ कँग झालेला रॉबिन शू स्वतः लढवय्या होता, आणि ते पडद्यावर दिसत होतं.

मग नोव्हेंबर १९९७ मध्ये आला दुसरा भाग, 'ॲनिहिलेशन'. पहिल्या भागाचे छायालेखक जॉन लिओनेटी या वेळी दिग्दर्शक झाले. रेडनच्या भूमिकेत क्रिस्टोफर लॅम्बर्टऐवजी जेम्स रेमार, सोन्याचं काम करणारी अभिनेत्रीही बदललेली. लोकांचा लाडका जॉनी केज तर सुरुवातीलाच मारून टाकला. पुढे खेळातली पात्रं एकामागून एक येतात, दोन हात करतात आणि निघून जातात. आपल्याकडच्या आम दंगलीत जोड लागली की माती उडेपर्यंत लोक तिच्यावरून नजर काढत नाहीत. इथे नजर ठरायच्या आतच पुढची जोड उभी. संगणकावर केलेली दृश्यंही कच्चीच राहिली. जवळपास तीन कोटी डॉलर खर्च झाले, पाचच्या आसपास आले आणि ठरलेला तिसरा भाग बारगळला.

मला हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. याच चित्रपटात रॉबिन शूच्या जागी धोक्याच्या उड्या मारणारा एक थाई तरुण होता, टोनी जा. २००३ च्या 'ओंग बाक'मध्ये तारांचा आधार न घेता लढून त्याने जग थक्क केलं. एवढं कसब हाताशी असून 'ॲनिहिलेशन'च्या कॅमेऱ्याने त्याला उसंत दिली नाही.

२०२१ मध्ये नव्याने सुरुवात झाली. हिरोयुकी सानाडा आणि जो तस्लीम यांची पहिलीच लढत सलग, निवांत दाखवली आहे. मला ती मालिकेतली सर्वोत्तम वाटते. पण त्या फेब्रुवारीतच यवतमाळात करोनाचे निर्बंध लागले, एप्रिलमध्ये राज्यभरातली चित्रपटगृहं बंद झाली आणि ती उघडली थेट २२ ऑक्टोबरला. आमच्यातल्या बहुतेकांनी ती लढत मोबाइलवर पाहिली.

२०२१ च्या चित्रपटाच्या पुढच्या भागाची ऑक्टोबर २०२५ ची तारीख २०२६ च्या मे महिन्यावर ढकलली गेली. दिग्दर्शक सायमन मॅकॉइड तेच राहिले, आणि २०२१ मध्ये वगळलेला जॉनी केज कार्ल अर्बनच्या रूपात ठळक भूमिकेत आणला गेला.