चालूं लागलेलें मूल आणि जहाजावरील खोली

सुटीचे दिवस जवळ आले कीं महाबळेश्वर, काशी, फार तर काश्मीर, अशी जी चर्चा पूर्वीं घरोघर होत असे, तींत हल्लीं एका नव्या नांवाची भर पडली आहे. तें नांव क्रूझ, म्हणजे केवळ सहलीसाठीं फिरणारें जहाज. २०२१ सालीं मुंबई बंदरांतून ‘एम्प्रेस’ नांवाचें असें एक जहाज गोवा, कोची, लक्षद्वीप या बाजूस जाऊं लागलें, आणि सिंगापूर किंवा युरोपची वाट न धरतां घरच्या बंदरांतूनच ही हौस भागवितां येऊं लागली. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि एक दीड-दोन वर्षांचें नातवंड, असा परिवार घेऊन निघालेलीं कुटुंबें आमच्या परिचयांतच चार-पांच निघतील. तिकीट काढतांना या सर्वांपुढें एकच प्रश्न उभा राहतो : खोली कोणती घ्यावी? आणि बहुतेक मंडळी त्याचें उत्तर चित्रें पाहून देतात.

कंपन्यांच्या पुस्तिकांत खोल्यांचे साधारणतः चार वर्ग असतात. जहाजाच्या पोटांतील, खिडकी नसलेली ती आंतली खोली. समुद्राकडे कांचेची बंद खिडकी असलेली ती दुसरी. बाहेर बसण्यापुरता सज्जा असलेली ती तिसरी, हिला सर्वत्र बाल्कनी म्हणतात. आणि प्रशस्त दालनवजा ती चवथी. भाडें याच क्रमानें चढत जातें. त्यामुळें ‘मूल बरोबर आहे, तेव्हां ऐपत असेल तितकी वरच्या वर्गाची खोली घ्यावी’ असा सरळ हिशेब मांडला जातो. हा हिशेब मला पटत नाहीं. खोलीचा वर्ग पाहण्यापूर्वीं जहाजाच्या नकाशांतील तिची जागा पाहावी, आणि आपल्या डोळ्यांना काय दिसेल यापेक्षां मुलाला स्वस्थ झोंप कोठें लागेल यावरून ती ठरवावी, असें माझें मत आहे.

याचें कारण उघड आहे. मोठ्या माणसांस ती खोली केवळ रात्रीं पाठ टेंकण्यापुरती लागते. मूल मात्र दुपारीं दोन तास झोंपतें, रात्रीं आठ वाजतां पेंगूं लागतें, आणि त्याच्याबरोबर एक मोठें माणूस खोलींत अडकतें. मुलांना रमविणारीं क्रीडागृहें जहाजावर असतात खरीं, पण बहुतेक ठिकाणीं तीन वर्षें पूर्ण झालेल्या व लंगोट सुटलेल्या मुलांनाच तेथें प्रवेश मिळतो. त्याहून लहानांसाठीं पाळणाघर सर्वच जहाजांवर नसतें. पोहण्याच्या तलावांतहि लंगोटांतल्या मुलास सहसा उतरूं देत नाहींत. म्हणजे चोवीस तासांपैकीं चौदा-पंधरा तास मुलाचें बिऱ्हाड त्या खोलींतच. आपण जिला धर्मशाळा समजतों तें त्याचें घर असतें.

आतां जागेविषयीं. जहाज पाण्यावर मुख्यतः दोन प्रकारें हलतें. पुढचें टोंक वर गेलें कीं मागचें खालीं जातें, हें एक. आणि तें डाव्या-उजव्या कुशीवर कलतें, हें दुसरें. पहिल्यासाठीं बागेंतील सी-सॉची फळी डोळ्यांपुढें आणावी. टोंकाला बसलेलें मूल हात-दोन हात वरखालीं जातें; मध्यावर, टेंकूजवळ बसलेलें जवळ जवळ हलत नाहीं. दुसऱ्यासाठीं माडाचें झाड पाहावें. वाऱ्यानें शेंडा हेलकावतो, बुंधा स्थिर राहतो. तेव्हां लांबीच्या मध्याजवळची आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत कमी हलते. मौज अशी कीं, अधिक भाडें घेतात तें बहुधा वरच्या मजल्यांसाठीं. म्हणजे पैसे वेंचून हेलकावे विकत घ्यावयाचे. जहाज जितकें लहान तितका हा भेद अधिक जाणवतो. १९९० सालीं फ्रान्समध्यें बांधलेल्या ‘एम्प्रेस’ची लांबी सुमारें २११ मीटर आहे, २०२४ सालीं प्रवासास निघालेल्या ‘आयकन ऑफ द सीज’ची सुमारें ३६५ मीटर.

येथें वाचक म्हणतील कीं, मुलाला बोट लागूं नये म्हणून ही खटपट. खरी गोष्ट निराळी आहे. दोन वर्षांखालील मुलांना बोट सहसा लागत नाहीं. हा त्रास पुढें वाढत जातो आणि सहा ते बारा या वयांत सर्वांत अधिक असतो. बोट लागते ती आईला, नाहीं तर आजीला. आई डोकें धरून निजली आहे, आजीला उठवत नाहीं, आणि मूल मात्र ताजेंतवानें होऊन दाराच्या कडीशीं झटत आहे, असा देखावा पुष्कळ खोल्यांतून दिसतो. बोट न लागण्याच्या गोळ्या घ्याव्या तर त्यांपैकीं बहुतेक गुंगी आणतात, आणि गुंगींत असलेल्या माणसाच्या हवालीं मूल करतां येत नाहीं. मध्यावरची खोली घ्यावयाची ती मुलाला सांभाळणारें माणूस उभें राहावें म्हणून. जून ते सप्टेंबर या दिवसांत अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हां कोणतीहि खोली घेतली तरी फारसा उपयोग नाहीं. कोंकणांत जाणाऱ्या जुन्या बोटीहि पावसाळ्यांत बंद असत. त्या बोटींवर आम्हां सामान्यांस खोली निवडण्याचा प्रश्नच नव्हता. डेकवर वळकट्या पसरावयाच्या आणि मूल मध्यें घेऊन निजावयाचें. तेव्हां मूल रडलें तर सगळी बोट जागी होई, पण राग कोणास येत नसे.

जागा निवडतांना दुसरी पाहावयाची गोष्ट म्हणजे आवाज. नकाशा घेऊन आपल्या खोलीच्या वरच्या मजल्यावर व खालच्या मजल्यावर काय आहे तें बघावें. दोन्हीकडे खोल्याच असतील तर उत्तम. वर पोहण्याचा तलाव असला तर पहांटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज डोक्यावर सुरू होतो. खालीं नाट्यगृह किंवा नाचघर असलें तर मध्यरात्रीपर्यंत ढोल जमिनींतून पलंगांत शिरतो. स्वयंपाकघराच्या वर भांड्यांचा खडखडाट. अगदीं पुढच्या टोंकाला, खालच्या मजल्यावर, नांगराची साखळी आणि जहाज धक्क्याला लावतांना चालणारीं यंत्रें. जहाज बंदरांत शिरतें तें बहुधा पहांटे, म्हणजे मुलाची झोंप गाढ असते तेव्हांच. जिन्याला व लिफ्टला अगदीं लागून असलेली खोलीहि नको. पण फार दूरहि नको. आगीसारख्या प्रसंगीं लिफ्ट वापरावयाची नसते, आणि मूल कडेवर घेऊन जिना चढावा लागतो. तेव्हां चार-सहा दारें सोडून असलेली खोली पाहावी.

उजेडाविषयीं थोडें. आंतल्या खोलींत दिवा मालवला कीं भर दुपारींहि काळोख. मुलें तेथें फार छान झोंपतात, हा पुष्कळ आयांचा अनुभव आहे. पण जागें झाल्यावर सकाळ कीं मध्यरात्र तें कळत नाहीं, आणि अनोळखी अंधारांत मूल घाबरतें. लहानसा सेलवर चालणारा दिवा बरोबर असावा. डिस्ने कंपनीनें २०११ सालीं काढलेल्या ‘डिस्ने ड्रीम’ जहाजावर आंतल्या खोल्यांत वाटोळा पडदा बसवून त्यावर बाहेरच्या समुद्राचें चालू चित्र दाखविण्याची सोय केली आहे. युक्ति नामी आहे; निजण्याच्या वेळीं मात्र तो पडदा बंद करावा.

आतां सज्जा. यावर घरोघर मतभेद होतात. आमच्याहि घरीं झाले. सूनबाईंचें म्हणणें असें कीं, मूल दुपारीं निजल्यावर अंधाऱ्या खोलींत कुजबुजत बसण्यापेक्षां दार लोटून सज्जांत बसावें, समुद्र पाहावा. हें म्हणणें खोटें नाहीं. सज्जाच्या बाजूनें जें जें बोललें जातें त्यांत हेंच सर्वांत वजनदार आहे. मी वाद न घालतां मोजपट्टी काढली. अमेरिकेनें २०१० सालीं केलेल्या कायद्यांत तेथील बंदरांतून प्रवासी नेणाऱ्या जहाजांवर कठड्याची उंची निदान ४२ इंच असावी असें ठरविलें आहे. तोच आंकडा हिशेबासाठीं धरला. नातू तेव्हां ३३ इंच उंच होता. म्हणजे जमिनीवर उभा असतां कठडा त्याच्या डोक्याहून नऊ इंच वर. पण सज्जांत खुर्च्या असतातच. आमच्या घरच्या खुर्चीची बैठक १७ इंच भरली. तेहेतीस आणि सतरा मिळून पन्नास. म्हणजे खुर्चीवर चढलेल्या मुलाचें संबंध डोकें कठड्याच्या वर आलें. शिवाय लहान मुलाचें डोकें अंगाच्या मानानें जड असतें, आणि दीड वर्षाचें मूल खुर्चीवर चढावयास कोणाची अनुज्ञा मागत नाहीं. हा बेरजेचा आंकडा ऐकून सूनबाईंनींच सज्जाचा विचार सोडला. मला पुढें बोलावें लागलें नाहीं.

२०१९ सालच्या जुलै महिन्यांत पोर्टो रिको बेटावरील सान हुआन बंदरांत उभ्या असलेल्या एका मोठ्या जहाजावर अठरा महिन्यांची एक मुलगी अकराव्या मजल्याच्या खिडकींतून पडून मरण पावली. ती खिडकी कोणाच्या खोलीची नव्हती, सार्वजनिक जागेंतील होती. आणि मुलगी एकटी नव्हती. तिच्या आजोबांनींच तिला उचलून खिडकीपाशीं धरलें होतें. खिडकी बंद आहे असा आपला समज होता, असें त्यांचें म्हणणें होतें. मुलाला उचलून घेऊन ‘तें बघ, तें बघ’ म्हणणें हा आम्हां आजोबांचा रोजचा उद्योग आहे, म्हणून ही गोष्ट येथें मुद्दाम लिहिली. ज्यांना सज्जा घ्यावयाचाच आहे त्यांनीं दाराची कडी मुलाच्या हाताबाहेर, उंच आहे कीं नाहीं हें आधीं विचारून घ्यावें. पोंचल्याबरोबर तेथील नोकरास सांगून खुर्च्या व टेबल आंत घ्यावें, अथवा काढून नेण्यास सांगावें. आणि मूल कडेवर असतां कठड्यापाशीं जाऊं नये, मग समुद्र कितीहि सुंदर असो.

माझा कौल बंद खिडकीच्या खोलीस आहे. ती खिडकी उघडत नाहीं. दिवसाचा उजेड मिळतो. आणि कित्येक जहाजांवर तिच्यापुढें इतकी रुंद पट्टी असते कीं धरून बसविलें तर मूल लाटा पाहत घटकाभर रमतें. कांहीं खिडक्यांपुढें संकटकाळची नाव टांगलेली असते, म्हणून त्या खोल्या थोड्या स्वस्त देतात. आपणांस समुद्र अर्धाच दिसतो, पण दोन वर्षांच्या मुलाला समुद्रापेक्षां ती नावच अधिक आवडण्याचा संभव आहे.

आजी-आजोबा बरोबर असतील तर एका मोठ्या दालनापेक्षां आंतून जोडणारें दार असलेल्या दोन साध्या खोल्या घ्याव्या. दोन स्नानगृहें मिळतात, मूल एकीकडे निजलें कीं दुसरीकडे दिवा ठेवून बोलतां येतें, आणि पुष्कळदां खर्चहि कमी येतो. मात्र पलीकडे परकें कुटुंब येणार असेल तर असें दार असलेली खोली टाळावी; त्या दारांतून आवाज फार येतो.

तिकिटाच्या दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. स्वस्त भाड्याचा एक प्रकार असा असतो कीं, आपण फक्त वर्ग ठरवावयाचा आणि खोलीचा क्रमांक कंपनीनें मागाहून द्यावयाचा. तरुण मंडळींनीं तो खुशाल घ्यावा; मूल असणारांनीं घेऊं नये, कारण वर सांगितलेला सारा विचार त्यानें फुकट जातो. दुसरें, मूल आईच्या कुशींत निजणार असलें तरी खोलींतील माणसांच्या संख्येंत तें पूर्ण धरलें जातें. दोघांच्या खोलींत तें ‘असेंच’ नेतां येत नाहीं. सहा महिन्यांखालील मूल पुष्कळ कंपन्या घेतच नाहींत, आणि लागोपाठ बरेच दिवस समुद्रावरच राहणाऱ्या लांबच्या सफरीसाठीं वर्षाची अट घालतात.

खोलींतील बारीकसारीक गोष्टी थोडक्यांत. मुलाचा खाट-पाळणा तिकीट काढतांनाच मागून ठेवावा, आणि तो मांडल्यावर चालावयास वाट उरेल कीं नाहीं हें खोलीच्या मापावरून पाहावें. स्नानगृहाचा उंबरा उंच असतो व दार जड; ठेंच आणि चेंगरलेलीं बोटें हे तेथील नेहमींचे अपघात. साध्या खोलींत टब बहुधा नसतो, वरून पडणाऱ्या धारेला मुलें भितात. रबराचा घडीचा टब आणि घरचा तांब्या बरोबर घ्यावा. आमच्या घरांत तांब्याला मी हंसलों नाहीं, बाकीचे हंसले.

खोलींत शिरल्यावर सामान सोडण्यापूर्वीं एक काम करावें. दाराच्या मागें संकटसमयीं कोठें जमावें तें लिहिलेलें असतें. तें वाचून त्या वाटेनें एकदां मुलासह चालून यावें. कपाटांतील प्राणरक्षक जाकिटें मोठ्या माणसांच्या मापाचीं असतात. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ सालीं जो आंतरराष्ट्रीय करार प्रथम झाला, त्याच्या आजच्या नियमांप्रमाणें चोवीस तास किंवा अधिक चालणाऱ्या सफरींत जहाजावरील प्रत्येक तान्ह्या मुलासाठीं त्याच्या मापाचें जाकीट ठेवणें बंधनकारक आहे. तें जहाजावर असतें, पण आपल्या खोलींत असेलच असें नाहीं. नोकरास सांगून तें त्याच दिवशीं मागवून घ्यावें, आणि मुलाला एकदां घालून पाहावें.