सगळे 'हो' म्हणेपर्यंत थांबायचं : मोहन हिराबाई हिरालाल यांचा अभ्यास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा ज्यांच्याकडे एपिसोड डाऊनलोड व्हायला रेंज नाही, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला भाग. बोलताना झालेलं 'अं... म्हणजे...' काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच आहे.

सुरुवात एका साध्या गणिताने करू. वीस जणांचा ग्रुप आहे. ट्रिपला कुठे जायचं यावर पोल टाकला. अकरा जण म्हणाले ताडोबा, नऊ जण म्हणाले हेमलकसा. ताडोबा जिंकलं. पण पुढे काय होतं ते आपल्याला माहितीये. नऊपैकी चौघं शेवटच्या दिवशी 'अरे, घरी काम आलं' म्हणतात, दोघं येतात पण तोंड पाडून. निर्णय झाला, पण तो पाळणारे कमी पडले.

ट्रिपचं ठीक आहे हो. पण निर्णय जंगलाचा असेल तर? गावाने अकरा विरुद्ध नऊ मतांनी ठरवलं की यंदा अमुक भागात झाड तोडायचं नाही. हरलेल्या नऊ घरांपैकी एकानेही रात्री कुऱ्हाड उचलली, की ठराव कागदावरच राहिला. आणि अठराशे हेक्टर जंगलावर रात्रभर पहारा कोण देणार?

हा प्रश्न आयुष्यभर धरून बसलेला एक माणूस चंद्रपुरात होता. नाव मोहन हिराबाई हिरालाल. नाव वाचून थांबलात ना? त्यांनी आडनाव सोडलं आणि आईचं नाव आधी, वडिलांचं नंतर असं लावलं. लोक त्यांना मोहनभाऊ म्हणायचे. गावाने निर्णय कसे घ्यावेत आणि भांडण कसं मिटवावं, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. प्रयोगशाळा होती गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा हे गाव. लेखा गावाच्या शेजारी, म्हणून 'मेंढा (लेखा)'. गोंड आदिवासींचं, साधारण शंभर घरांचं.

आंदोलनातून अभ्यासाकडे

मोहनभाऊ जयप्रकाश नारायणांच्या चळवळीतल्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून पुढे आलेले. त्यांच्यावर विनोबांचा प्रभाव मोठा. १९८४ च्या सुमारास इंद्रावती आणि गोदावरीवर भोपालपट्टणम आणि इचमपल्ली ही दोन मोठी धरणं होणार होती, त्यात इथलं जंगल आणि गावं बुडणार होती. त्याविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे त्यात होते, आदिवासी नेते लाल श्याम शाह होते, मोहनभाऊही होते. धरणं थांबली.

इथे बरेच कार्यकर्ते पुढच्या आंदोलनाकडे वळले असते. मोहनभाऊंना वेगळाच प्रश्न पडला. धरण थांबलं, जंगल वाचलं, पण आता ते सांभाळायचं कोणी? आणि कसं? त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चंद्रपुरात 'वृक्षमित्र' ही संस्था उभी केली, लोक आणि जंगल यांच्या नात्याचा अभ्यास हाती घेतला, आणि जिथे लोक एकमताने निर्णय घेतात असं गाव शोधायला लागले. शोध मेंढ्यापाशी थांबला.

तिथे देवाजी तोफा नावाचे गावातलेच एक कार्यकर्ते होते. पुढची कित्येक वर्षं ही जोडी एकत्र राहिली. गावाची घोषणा तुम्ही ऐकली असेल : दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. गोंडीत त्याला 'मावा नाटे मावा राज' म्हणतात.

आता घोषणा कुठेही देता येते. मेंढ्याचं वेगळेपण घोषणेच्या मागच्या रचनेत आहे. ती नीट समजून घेऊ.

रचना : दोन वेगळ्या खोल्या

मेंढ्यात दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात. एक ग्रामसभा, दुसरा अभ्यास गट.

अभ्यास गटात कोणीही बसू शकतं. गावातले, बाहेरचे, वकील, वनअधिकारी, संशोधक. विषय घ्यायचा, माहिती काढायची, प्रश्न विचारायचे, भांडायचं सुद्धा. पण तिथे निर्णय होत नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत, आणि तो फक्त गावकऱ्यांचा. मोहनभाऊ स्वतः बाहेरचे, म्हणून ते अभ्यासाचे सोबती, निर्णयाचे मालक नाहीत.

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हे लगेच ओळखीचं वाटतं. रिव्ह्यूमध्ये कोणीही कमेंट टाकू शकतं, पण मर्जचं बटण ज्यांना तो कोड पुढे सांभाळायचाय त्यांच्याकडेच असतं. फरक एवढाच, की मेंढ्यात मर्जचं बटण एकाच वेळी सगळ्या गावाने दाबावं लागतं.

कारण ग्रामसभेत मतदान नाही. सर्वसहमती. एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलायचा, पुन्हा अभ्यास करायचा, पुन्हा बसायचं. बैठकीला प्रत्येक घरातून किमान एक बाई आणि एक पुरुष असावा असा आग्रह. आणि ही ग्रामसभा तीन गावांच्या गट ग्रामपंचायतीची नाही, तर एकट्या मेंढ्याची. सगळे एकमेकांना ओळखतात, एकाच ठिकाणी बसू शकतात, एवढीच ती मोठी.

'पण याला किती वेळ लागेल!' हा पहिला आक्षेप. लागतोच. दारूचं उदाहरण घ्या. गोंड समाजात मोहाची दारू देवाला लागते, लग्नाला लागते, मर्तिकाला लागते. तिथे दारूबंदी बहुमताने लादली असती तर पिणारे गुपचूप पीतच राहिले असते. गावाने बोलत बोलत, बायकांचं म्हणणं मध्यभागी ठेवून, सगळ्यांनी मिळून ठरवलं. निर्णयाला वेळ गेला. पण निर्णय पाळला जातोय का हे बघायला बाहेरून पोलीस आणावा लागला नाही.

मोहनभाऊंच्या सगळ्या अभ्यासाचं सार इथे आहे. बहुमतात निर्णय स्वस्त पडतो आणि अंमलबजावणी महाग. सर्वसहमतीत निर्णय महाग पडतो आणि अंमलबजावणी स्वस्त. ज्या गावाकडे पोलीस नाही, पैसा नाही, फक्त एकमेकांचा शब्द आहे, त्याला दुसरा सौदाच परवडतो.

अभ्यासाने काय मिळालं?

आता खरा संघर्ष. ब्रिटिशांच्या १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांमध्ये होती. म्हणजे बांबू सरकारचा. वनस्पतीशास्त्र सांगतं की बांबू हे गवत, पण कायद्यापुढे शास्त्र काय करणार? आसपासच्या जंगलातला बांबू कागद कारखान्याला लीजवर जायचा आणि गावकऱ्याला घरचं कुंपण घालायला परवानगी लागायची. जमीनदारीच्या काळापासून गावाला जे निस्तार हक्क होते, म्हणजे घरापुरतं लाकूड, बांबू, चराई, ते राखीव जंगल झाल्यावर आकसत गेले.

मग २००६ चा वनहक्क कायदा आला, त्याचे नियम २००८ पासून लागू झाले. या कायद्यात दोन गोष्टी होत्या. एक, गाव ज्या जंगलाचं पिढ्यानपिढ्या रक्षण करत आलंय, त्यावर सामूहिक हक्क मागता येतो. दोन, बांबू हे गौण वनोपज आहे असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मेंढ्याच्या अभ्यास गटाने कायदा वाचला, नकाशे आणि जुनी कागदपत्रं जमवली, दावा टाकला. २००९ मध्ये मेंढा (लेखा) आणि जवळचं मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. मेंढ्याचं क्षेत्र सुमारे १,८०९ हेक्टर.

पण कागद मिळाला म्हणजे बांबू मिळाला असं नाही. बांबू तोडला तरी गाडीत घालून न्यायला वाहतूक परवाना लागतो, म्हणजे टीपी. टीपीचं पुस्तक वनखात्याकडे. मालक गाव, पण गेटची किल्ली दुसऱ्याकडे! गाव अडून बसलं. रस्त्यावर दगड आले नाहीत, कायद्याचं कलम पुढे आलं. शेवटी मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी राज्यांना लिहिलं की बांबूला गौण वनोपज माना. २७ एप्रिल २०११ ला ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह स्वतः मेंढ्यात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर गाव आपला बांबू आपणच विकू लागलं.

हे कुठल्या जिल्ह्यात घडलं ते लक्षात घ्या. गडचिरोली म्हटलं की बातम्यांमध्ये दोनच बाजू दिसतात, नक्षलवादी आणि पोलीस. दोघांच्याही हातात बंदूक. त्या दोघांच्या मधे राहणाऱ्या गावाने वाचून, बसून, सगळ्यांना सोबत घेऊन हक्क मिळवला, ही गोष्ट म्हणूनच मोठी.

जगातल्या अभ्यासकांशी नातं

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक गाजलेला लेख लिहिला. त्याचं म्हणणं, सामायिक कुरण असेल तर जो तो आपली जास्तीत जास्त जनावरं सोडणार आणि कुरण उजाड होणार. उपाय दोनच, सरकारी ताबा नाहीतर खासगी मालकी. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी जगभरातली मासेमारीची गावं, पाटाच्या पाण्याच्या व्यवस्था, डोंगरातली कुरणं यांचा अभ्यास करून दाखवलं की तिसरा मार्ग असतो. लोक स्वतः नियम बनवतात, स्वतः राखण करतात आणि संसाधन टिकतं. अट एवढीच की नियम ज्यांना लागू होतात, त्यांना ते बनवण्यात आणि बदलण्यात वाटा हवा. त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल २००९ मध्ये मिळालं, मेंढ्याला हक्क मिळाले त्याच वर्षी.

दुसरं नाव योहान गाल्टुंग, नॉर्वेचे शांतता-अभ्यासक. त्यांनी १९६९ मध्ये मांडलं की हिंसा फक्त मारहाणीत नसते. रचनाच अशी असेल की काही माणसांचा वाटा कायम कापला जातो, तर तीही हिंसाच. घरचा बांबू तोडल्याबद्दल आदिवासी बाईला गुन्हेगार ठरवणारी व्यवस्था आठवा, म्हणजे मुद्दा कळतो. टीपीचं पुस्तक गावाकडे येणं हे म्हणूनच भांडण मिटवण्याचं काम होतं. भांडणाचं मूळच काढून टाकलं.

मोहनभाऊंच्या कामात या दोन्ही अभ्यासकांचे विषय एकत्र येतात. फक्त त्यांचा शोधनिबंध गावात बसून, गावाच्या भाषेत लिहिला गेला.

आक्षेप, आणि ते हलके नाहीत

सर्वसहमती म्हणजे एका माणसाच्या हातात नकाराधिकार नाही का? गावातला दांडगा माणूस सगळं अडवून धरेल. किंवा उलट, गप्प बसलेल्या बाईचं मौन 'हो' म्हणून मोजलं जाईल.

हे दोन्ही धोके खरे आहेत. मेंढ्याची उत्तरं रचनेत आहेत. अडवणाऱ्याला कारण द्यावं लागतं आणि त्या कारणावर अभ्यास होतो, त्यामुळे नुसता हट्ट फार दिवस टिकत नाही. मौनासाठी अभ्यास गट, जिथे निर्णयाचं दडपण नसताना बोलता येतं. पण हे सगळं छोट्या, बऱ्यापैकी समान परिस्थितीच्या गावात जमलं. जिथे एकाकडे शंभर एकर आणि दुसऱ्याकडे शून्य, किंवा जिथे जातीची उतरंड आहे, तिथे 'सगळ्यांचं एकमत' हे मोठ्याचंच मत असू शकतं. ही अट विसरून सर्वसहमती सगळीकडे चिकटवली तर फसगत होईल.

म्हणूनच मेंढ्याचं पुढचं पाऊल महत्त्वाचं वाटतं. २०१३ मध्ये गावाने महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीनसुद्धा ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. कसायचा हक्क ज्याचा त्याच्याकडे, पण जमीन परस्पर बाहेरच्याला विकता येणार नाही. समान पातळी टिकली तरच सर्वसहमती टिकते, असं हे गणित.

दुसरं उदाहरण चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव. २०१२ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाले. तेंदूपत्ता म्हणजे या भागातला उन्हाळ्याचा रोख पैसा. पण चांगली पानं यावीत म्हणून झाडं छाटतात, जंगलाला आग लावतात. पाचगावने ठरवलं, तेंदू तोडायचा नाही, बांबूवर भर द्यायचा. समोर दिसणारा पैसा सोडायचा निर्णय ५१ विरुद्ध ४९ ने टिकला असता का? विचार करा.

आपण काय घ्यायचं?

आज गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांकडे सामूहिक वनहक्काचे कागद आहेत. त्याच जिल्ह्यात सूरजागडसारख्या ठिकाणी लोहखनिज निघतंय. कुठल्या जमिनीवर काय व्हावं हे विचारायला कोणी गावात आलं, तर उत्तर देणारी ग्रामसभा तयार आहे का, हा पुढच्या वीस वर्षांचा प्रश्न आहे. कागद सरकार देऊ शकतं. अभ्यासाची सवय गावालाच लावावी लागते.

आणि हे फक्त जंगलातल्या गावांपुरतं नाही. तुमची हाउसिंग सोसायटी, कॉलेजचा ग्रुप, ऑफिसची टीम, कुठेही करून बघा. महत्त्वाच्या विषयावर लगेच पोल टाकू नका. आधी एक बैठक अशी घ्या, जिथे काहीच ठरवायचं नाही, फक्त समजून घ्यायचं. मग ठरवायला बसा. 'नाही' म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : काय बदललं तर तुला चालेल?

खोलात जायचं असेल तर मिलिंद बोकील यांचं 'गोष्ट मेंढा गावाची' वाचा. आणि तुमच्या गावची शेवटची ग्रामसभा कधी झाली, तिथे कोण कोण बोललं, हे घरी फोन करून विचारा. जे उत्तर येईल ते आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये.