मालवाहतुकीचे शास्त्र : भाग ६
उघड्या हौद्यावरील माल : पट्टे, साखळ्या आणि घर्षण

वसमत तालुक्यातील हट्टा परिसरातून हळदीची पोती, कापूस आणि ऊस बाहेर जातो, तर बांधकामाचे लोखंड व शेतीची अवजारे आत येतात. यांतील बराच माल बंद पेटीऐवजी उघड्या हौद्यातून किंवा फाळके नसलेल्या सपाट ट्रेलरवरून जात असल्याने त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम मुख्यतः बांधणीवर अवलंबून असते. ही बांधणी मालाचे वजन उचलण्यासाठी नसून वाहन थांबताना व वळताना माल सरकू नये यासाठी असते, आणि साधनांची निवडही याच तत्त्वावर करावी लागते.

युरोप व अमेरिकेतील नियमांनुसार जोराचा ब्रेक लागल्यास माल त्याच्या वजनाच्या 0.8 पट, तर वळणावर 0.5 पट बलाने सरकू पाहतो असे गृहीत धरले जाते. लाकडी तळावर 10 टनांचा लोखंडी तुळयांचा गठ्ठा ठेवला आणि घर्षणांक, म्हणजे दोन पृष्ठभागांच्या परस्पर अडवणुकीचे प्रमाण, 0.3 धरले, तर 8 टनांपैकी 3 टनांचे बल घर्षणच अडवते आणि उरलेले 5 टन बांधणीला अडवावे लागतात. येथे पट्ट्यावरील लेबल नीट वाचणे आवश्यक ठरते, कारण त्यावर पट्टा किती ताण सोसेल हा एक आकडा असतो आणि हाताने रॅचेट (पट्टा ताणण्याची दातेरी कळ) आवळल्यावर प्रत्यक्ष किती ताण निर्माण होईल हा दुसरा, बराच लहान आकडा असतो. मालावरून टाकलेला पट्टा प्रत्येक बाजूला या दुसऱ्या आकड्याइतकाच दाब देतो. हा आकडा 300 किलो असल्यास दोन्ही बाजू मिळून जास्तीत जास्त 600 किलो दाब पडतो, ज्यातून केवळ 180 किलोची अडवणूक मिळते, म्हणजे 5 टनांसाठी 28 पट्टे लागतील. तळाशी रबरी चटई घालून घर्षणांक 0.6 केला, तर सहाच पट्टे पुरतात. किंवा गठ्ठ्यापुढे भक्कम अडसर उभारावा, अथवा साखळ्यांनी तो थेट चौकटीला ओढून बांधावा.

पोत्यांची गोष्ट वेगळी आहे : ती प्रवासात दबत जातात आणि दोर सैल पडतो, म्हणून ताडपत्रीवरून आवळलेला दोर थोडे अंतर गेल्यावर पुन्हा ताणावा लागतो; अमेरिकी नियमांत बांधणीची पहिली तपासणी 80 किलोमीटरच्या आत करण्याचे बंधन आहे. दोराला गाठ मारली की त्याची ताकद बरीच घटते आणि पॉलिएस्टरचा पट्टा लोखंडाच्या धारेवर कापला जातो, त्यामुळे कोपऱ्यांसाठी संरक्षक पट्ट्या, लाकडी पाचरी, रबरी चटया आणि काही जादा पट्टे वाहनात कोरड्या पेटीत ठेवावेत. लेबल निघालेला, चिरलेला किंवा उन्हाने कडक झालेला पट्टा बाद करावा.

मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार हौद्याच्या बाजूंबाहेर अथवा परवानगीपेक्षा पुढे, मागे किंवा उंच गेलेल्या मालासाठी 20,000 रुपये दंड आहे. मात्र हौद्याच्या मापात बसलेला मालही सरकू शकतो, म्हणून साधनांच्या खरेदीत पहिला खर्च रबरी चटईवर करणे हाच शहाणपणाचा क्रम आहे.