कुत्रे कोणाचे?

‘भीक नको, पण कुत्रे आवर’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी एक गोष्ट गृहीत होती. दारात भुंकणाऱ्या कुत्र्याला कोणी तरी धनी असे आणि ‘आवर’ म्हटले की ते आवरण्याची जबाबदारी त्याच्यावर येई. आज महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात रात्री उशिरा पायी किंवा सायकलवरून घरी परतणाऱ्या माणसाला एवढाही उपाय उरलेला नाही. ‘आवर’ म्हणावे तर कोणाला? कुत्री आहेत, त्यांना पोळी घालणारे हात आहेत, त्यांच्या नावाने बोटे मोडणारेही पुष्कळ आहेत. धनी मात्र नाही. भटक्या कुत्र्यांविषयी भूतदया आणि सुरक्षितता या दोन बाजूंनी भरपूर वाद झाला आहे. त्या वादात मालकीचा मुद्दा बाजूला पडतो, आणि खरी गाठ तर तेथेच आहे.

एका जिल्ह्याच्या गावी चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत राहणाऱ्या एका वरिष्ठ कारकुनाच्या घरी जे घडले, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. गृहस्थांना कुत्र्यांची आवड नव्हती. किंबहुना नावडच होती. ज्येष्ठातल्या पहिल्या पावसात तांबूस रंगाचे, बरगड्या मोजता याव्यात असे एक गावठी कुत्रे जिन्याखाली येऊन बसले. त्यांच्या पत्नीने त्याला रात्रीची उरलेली पोळी घातली. शिळी पोळी टाकून देण्यापेक्षा मुक्या जीवाच्या पोटात गेलेली बरी, हा हिशेब कोणत्याही मराठी घरात पटणारा आहे. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, या न्यायाने आषाढ उजाडेपर्यंत कुत्रे जिन्याखालून दुसऱ्या मजल्यावरील त्यांच्या पायपुसण्यावर आले. धाकट्या मुलाने त्याचे नाव ‘मोत्या’ ठेवले. शेजारी विचारीत, “कुत्रं तुमचंच ना, भाऊसाहेब?” भाऊसाहेब उत्तर देत, “छे हो, आमचं कसलं! येतं, बसतं, जातं.”

‘येतं, बसतं, जातं’ या तीन शब्दांत भटक्या कुत्र्यांचे सारे अर्थकारण सामावलेले आहे. कुत्र्यापासून मिळणारे लाभ त्या बिऱ्हाडाकडे येत होते. रात्री अनोळखी पाऊल वाजले की ते भुंके, जिन्यातल्या घुशी नाहीशा झाल्या होत्या, मुलाची करमणूक होत होती. खर्च मात्र सर्वांमध्ये वाटला जात होता. तळमजल्यावरच्या वृद्धाच्या दारातली घाण, समोरच्या आजारी बाईची मोडलेली झोप आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या पोटरीला असलेला धोका हे त्या खर्चाचे रकाने. ज्या वस्तूचा लाभ एकाला आणि खर्च दहांना, तिचा वापर प्रमाणाबाहेर वाढतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. दयेलाही हा नियम चुकत नाही.

श्रावणात ते व्हायचे ते झाले. सोसायटीच्या रखवालदाराची सात वर्षांची मुलगी जिन्यात खेळत असता तिचा पाय कुत्र्याच्या शेपटीवर पडला आणि ते तिच्या पोटरीला चावले. रक्त आले. जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांनी जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून घेतली, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन टोचले, त्याच दिवशी लस सुरू केली आणि मग विचारले, “कुत्रं कुणाचं आहे? दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवता येईल का?”

या दहा दिवसांमागचे कारण सर्वांनी समजून घेण्याजोगे आहे. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत उतरतो तो रोगाच्या अखेरच्या टप्प्यात. लाळेत विषाणू असलेले कुत्रे त्यानंतर दहा दिवसांहून अधिक जगत नाही. म्हणून चावलेले कुत्रे दहाव्या दिवशी धडधाकट असेल, तर चावण्याच्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असे निश्चित म्हणता येते. लस ताबडतोब घ्यावयाची ती घ्यावीच लागते. कुत्रे कसे राहते हे पाहत थांबणे म्हणजे जिवाशी खेळ, कारण माणसात या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. परंतु कुत्रे नजरेसमोर असेल तर आईबापांना रात्री झोप लागते. भटके कुत्रे चावते आणि गर्दीत नाहीसे होते. त्या कुटुंबाच्या वाट्याला पुढे कित्येक महिन्यांची धाकधूक येते.

रखवालदार संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर आला. त्याने विचारले, “साहेब, कुत्रं तुमचं आहे ना?” दोन महिने सोसायटीतील लोक जो प्रश्न तक्रार म्हणून विचारीत होते, तोच हा प्रश्न. रखवालदाराच्या तोंडी मात्र त्यात आशा होती. कुत्रे साहेबांचे असेल तर त्याला लस दिलेली असेल, ते बांधून ठेवता येईल, आपली पोर वाचेल, एवढाच त्याचा तर्क. लस दिलेली नव्हती. गृहस्थ काही बोलण्यापूर्वी पत्नी म्हणाली, “आमचंच आहे. दहा दिवस आम्ही बांधून ठेवतो.” गावात नगरपालिकेचा कुत्री ठेवण्याचा कोंडवाडा नव्हता. गृहस्थांनी कपडे वाळत घालण्याची नायलॉनची दोरी सोडून घेतली.

ज्यांची पन्नाशी उलटली आहे, त्यांना कुत्रे चावणे म्हटले की पोटातील चौदा इंजेक्शने आठवतात. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस डेव्हिड सेंपल यांनी कसौली येथे १९११ मध्ये सिद्ध केली आणि भारतात ती २००४ पर्यंत बनत होती. आता मोजक्या दिवशी दंडात लस टोचतात. औषध सुधारले, तरी मृत्यू थांबलेले नाहीत. जगात दर वर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने दगावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत भारताचा वाटा एकतृतीयांशाहून अधिक धरला जातो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा अलीकडचा अंदाज यापेक्षा बराच कमी, म्हणजे वर्षाला ५,७०० च्या आसपास आहे. यांपैकी कोणताही आकडा खरा मानला तरी, शंभर वर्षांहून अधिक काळ लस उपलब्ध असलेल्या रोगाने इतकी माणसे जावीत, ही गोष्ट कोणत्याही शासनाला भूषणावह नाही.

यावर मारून टाकण्याचा उपाय सुचविणाऱ्यांनी मुंबईचा इतिहास चाळावा. १८३२ मध्ये सरकारने कुत्री मारण्याची मोहीम उघडली आणि प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस ठेवले. बक्षीस डोक्यागणिक असल्यामुळे शिपायांच्या लेखी धन्याचे कुत्रे आणि निर्धनी कुत्रे हा भेदच उरला नाही. घराच्या आवारातूनही कुत्री ओढून नेली गेली. ज्यांच्या धर्मात कुत्र्याला मानाचे स्थान आहे, त्या पारशी समाजाने जूनमध्ये हरताळ पाडला, दंगल झाली आणि फौज बोलवावी लागली. मद्रासच्या महापालिकेने तर कित्येक दशके कुत्री मारली. संख्या काही हटली नाही. रिकाम्या झालेल्या गल्लीत उकिरडा तसाच राहतो आणि शेजारच्या गल्लीतली कुत्री तेथे येतात. अखेर १९९६ मध्ये तेथे निर्बीजीकरणाचा मार्ग धरला गेला. त्याला देशव्यापी रूप २००१ च्या नियमांनी दिले, आणि त्यांची जागा आता २०२३ च्या नियमांनी घेतली आहे.

उकिरड्याची गोष्ट निघाली म्हणून गिधाडांचा उल्लेख करणे अस्थानी होणार नाही. १९९० नंतरच्या दशकात गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे आपल्याकडील गिधाडे जवळजवळ नामशेष झाली. मेलेली गुरे उघड्यावर पडून राहू लागली आणि ते अन्न कुत्र्यांना मिळाले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रज्ञांच्या एका अभ्यासात असा अंदाज मांडला गेला की, १९९२ ते २००६ या काळात केवळ या कारणाने कुत्र्यांची संख्या ५५ लाखांच्या आसपास वाढली आणि रेबीजचे सुमारे ४८ हजार मृत्यू अधिक झाले. पशुवैद्यकीय वापरासाठी त्या औषधावर बंदी आली २००६ मध्ये. गुरांचे दुखणे थांबविणाऱ्या स्वस्त औषधाची किंमत कोणी कोठे मोजली, हे पाहिले म्हणजे शिळ्या पोळीच्या किंमतीविषयीही विचार करावासा वाटतो.

निर्बीजीकरण आणि लसीकरण हाच शास्त्रशुद्ध मार्ग, याविषयी आता फारसा मतभेद नाही. परंतु तो अर्धवट चालला तर निष्फळ ठरतो. रेबीजची साखळी तोडावयाची तर निदान ७० टक्के कुत्र्यांना लस पोहोचली पाहिजे. तीस टक्क्यांवर मोहीम संपली, अंदाजपत्रकातील रक्कम खर्ची पडली आणि कागदोपत्री काम झाले, तर तो पैसा पाण्यातच जातो. शिवाय कुत्रे पकडावयाचे कसे? पालिकेची गाडी दिसताच ते पळते. पोळी घालणाऱ्याच्या हाताशी मात्र ते आपण होऊन येते. म्हणजे या योजनेचे यश ज्या एका माणसावर अवलंबून आहे, तोच ‘आमचं कसलं’ म्हणून नामानिराळा राहतो. अशा वादात संत नामदेवांचा दाखला हमखास दिला जातो. कुत्र्याने कोरडी पोळी पळविली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, अशी आख्यायिका आहे. आजचा अन्नदाता पोळी टाकतो आणि दार लावून घेतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ मधील आदेशांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. दिल्ली व परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा ११ ऑगस्टचा आदेश देशभर गाजला. २२ ऑगस्टला तो बदलताना न्यायालयाने निर्बीजीकरण व लसीकरणानंतर कुत्री मूळ जागी सोडण्यास मुभा दिली. पिसाळलेली व आक्रमक कुत्री तेवढी वगळली. शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातून कुत्री हलवून ती तेथे परत न सोडण्याचा आदेश ७ नोव्हेंबरला आला. वर्तमानपत्रांतील चर्चा बहुतेक सोडावे की कोंडावे एवढ्याभोवतीच फिरली. २२ ऑगस्टच्या आदेशात आणखी दोन गोष्टी होत्या. रस्त्यात वाटेल तेथे खाऊ घालण्यास मनाई करून त्यासाठी जागा नेमून द्याव्यात, ही एक. दुसरी अशी की, ज्याला कुत्रे दत्तक घ्यावयाचे असेल त्याने पालिकेकडे अर्ज करावा आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही हे पाहणे त्याची जबाबदारी राहील. अर्ध्या मालकीला न्यायालयाने येथे बोट लावले आहे.

दत्तक घेऊन हा प्रश्न सुटेल काय? २०१९ च्या पशुगणनेत देशात १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. २०११ च्या जनगणनेतील कुटुंबांची संख्या पंचवीस कोटींच्या घरात होती. म्हणजे साधारण सोळा कुटुंबांमागे एक कुत्रे. चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीच्या वाट्याला दीड कुत्रे येते. आकडा वाटतो तितका अक्राळविक्राळ नाही. तथापि तो असा सरळ वाटून घेतला जाणार नाही, हेही उघड आहे. पालिकांचे काम नागरिकांच्या दयेवर सोपविता येणार नाही. नागरिकाने करावयाची गोष्ट लहान आहे: ज्याला खाऊ घालतो, ते आपले म्हणावे.

आणि हे काम हौशी माणसापेक्षा नाखुशीने पुढे आलेला माणूस चांगले करतो, असे म्हणावेसे वाटते. हौसेने आणलेले पिल्लू मार्गशीर्षात गोजिरवाणे दिसते. चैत्रात ते चपला फाडू लागते आणि रस्त्यावर येते. नाखूष माणसाने खर्च आधीच मोजलेला असतो.

त्या कारकुनाने तो मोजलाच. घरखर्चाच्या वहीत पहिले दोन महिने जे ‘किरकोळ’मध्ये जात होते, त्याला त्या दहा दिवसांत स्वतंत्र सदर मिळाले: दूध, पट्टा, साखळी, फिनेल. रोज सकाळी कार्यालयात निघण्यापूर्वी गृहस्थ रखवालदाराच्या खोलीत जाऊन “खाल्लं, पाणी प्यालं” एवढे सांगून येत. सहाव्या दिवशी कुत्र्याने दूध तोंडात घेतले नाही, तेव्हा त्या दोन्ही घरांत कोणी नीट जेवले नाही. सातव्या दिवशी ते व्यवस्थित खाऊ लागले. दहावा दिवस उलटला. मुलीला अठ्ठाविसाव्या दिवसाची लस मात्र चुकवू दिली गेली नाही.

अकराव्या दिवशी दोरी सोडावयाची असे ठरले होते. गृहस्थ कुत्र्याला घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले, लस टोचून घेतली आणि निर्बीजीकरणाची तारीख ठरविली. लसीच्या कार्डावर मालकाच्या नावाचा रकाना होता. “इथं सोसायटीचं नाव घातलं तर चालेल का?” असे त्यांनी विचारून पाहिले. चालणार नव्हते. परत आल्यावर त्यांनी जिन्याखाली पोते अंथरले; घरात घ्यावयाचे नाही, या अटीवर ते अजून ठाम आहेत. पाऊस जोराचा असला की ही अट शिथिल होते, असे मुलाचे म्हणणे.

त्याच गल्लीत कचराकुंडीपाशी आणखी दोन कुत्री आहेत, दोन्ही माद्या. त्यांना तिसऱ्या मजल्यावरून रोज भात टाकला जातो. कुत्र्यांची वीण भाद्रपदात, आणि त्यानंतर सुमारे त्रेसष्ट दिवसांनी पिल्ले. सोसायटीच्या श्रावणअखेरच्या सभेत ‘कुत्र्यांचा बंदोबस्त’ हा विषय सातव्या क्रमांकावर होता. दोन माद्यांच्या शस्त्रक्रियेसाठी बिऱ्हाडागणिक वर्गणी काढावी, असे गृहस्थांनी सुचविले. तिसऱ्या मजल्यावरच्या सभासदांनी उभे राहून सांगितले, “आम्ही फक्त उरलेलं घालतो. कुत्री आमची नाहीत.” विषय पुढील सभेवर टाकण्यात आला. पुढील सभा दिवाळीनंतर आहे.