खर्ज जपणारी पेटी

संगीतांतील खर्जाची गोष्ट घराच्या पायासारखी आहे. पाया पाहावयास कोणी जात नाहीं. परंतु तो खचला कीं भिंतीला तडा जातो, आणि मग सगळ्यांचें लक्ष तिकडे वळतें. तंबोऱ्याची खर्जाची तार उतरली, तर ज्याला सुरांतलें कांहींच कळत नाहीं अशा श्रोत्यालाहि कांहींतरी बिघडल्याचें जाणवतें. पाश्चात्त्य धर्तीच्या आधुनिक वाद्यवृंदांत हेंच काम बेस गिटारकडे आलें आहे. राहुल देव बर्मन यांचीं १९७० च्या दशकांतील चित्रपटगीतें ज्यांनीं लक्षपूर्वक ऐकलीं असतील, त्यांस ह्या वाद्याची ओळख नांव ठाऊक नसतांहि झालेली आहे.

आतां हें वाद्य पुष्कळ सुशिक्षित घरांत येऊन पोंचलें आहे. घरांतील मुलगा किंवा मुलगी संगणक आणि एक लहानसा ऑडिओ इंटरफेस मांडून खोलींतच ध्वनिमुद्रण करूं लागते, आणि थोड्याच दिवसांत मागणी येते, कीं एक डायरेक्ट बॉक्स हवा किंवा एक चांगला प्री-अँप हवा. ह्या वस्तूंची किंमत कित्येकदां वाद्याच्याच किंमतीला जाऊन भिडते. ही गरज आहे कीं नुसती हौस, हें वडीलधाऱ्यांस ठरवितां येत नाहीं. आणि दुकानदारास विचारावें, तर ती गरज आहे असेंच तो सांगणार! म्हणून ह्या पेटीचें काम काय, ती केव्हां घ्यावी आणि केव्हां घेऊं नये, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम वाद्य समजून घेऊं. अमेरिकेंतील लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं ‘प्रिसिजन बेस’ बाजारांत आणला आणि तेव्हांपासून बेस गिटारचा खरा प्रसार झाला. याला बहुधा चार तारा असतात. सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारें ४१ वेळां कंप पावते. तारांखालीं लोहचुंबक आणि त्याभोंवतीं अत्यंत बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. ह्या योजनेस पिकअप म्हणतात. वरची तार हलली कीं वेढ्यांत क्षीण विद्युत्-प्रवाह उत्पन्न होतो. हा प्रवाह बारीक झऱ्याच्या पाण्यासारखा असतो. हलक्या हातानें ओंजळीनें घेतलें तर पाणी स्वच्छ मिळतें. मोठी बादली घालून ओढलें तर तें गढूळ होतें. पुढील यंत्र पिकअपकडून किती प्रवाह ओढतें, हें त्या यंत्राच्या इंपीडन्सवरून ठरतें, आणि तो ओहम ह्या मापानें मोजतात. ओहमांचा आंकडा जितका मोठा, तितकी ओढ कमी. साऱ्या निवडीचें मर्म ह्या एका आंकड्यांत आहे.

ओढ अधिक झाली म्हणजे प्रथम नाहींसे होतात ते वरचे उपस्वर. खर्जाच्या वाद्याला वरच्या स्वरांचें काय महत्त्व, असें कोणी विचारील. तंबोऱ्याची जवारी लावतांना आपण तारेखालीं सुताचा धागा सरकवितों तो कशासाठीं? खर्जाच्या पोटांतील उपस्वर मोकळे व्हावे म्हणूनच. बेसचीहि स्थिति तशीच आहे. शिवाय आजचा श्रोता पुष्कळदां मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर गाणें ऐकतो. त्या स्पीकरांतून ४१ कंपनांचा स्वर निघतच नाहीं. परंतु त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर जेवढे ऐकूं येतात, तेवढ्यावरून आपला कान आणि मेंदू मूळ खर्जाची कल्पना करून घेतात. उपस्वर गमावले तर अशा श्रोत्याच्या दृष्टीनें खर्जच गमावला.

डायरेक्ट बॉक्स दोन कामें करतो. पिकअपकडून हलक्या हातानें प्रवाह घेणें हें पहिलें. आणि तोच प्रवाह मायक्रोफोनच्या तारेंतून दूरवर, वाटेंत गुणगुण न शिरूं देतां, पोंचविणें हें दुसरें. या पेटीचे दोन प्रकार आहेत. पॅसिव्ह पेटींत केवळ ट्रान्सफॉर्मर असतो. तिला वीज लागत नाहीं. तिचा इंपीडन्स साधारणतः १ लाख ४० हजार ओहमांच्या आसपास असतो. ॲक्टिव्ह पेटीस बॅटरी किंवा मिक्सरकडून येणारी ४८ व्होल्टची फँटम वीज लागते. तिचा इंपीडन्स १० लाख ओहम किंवा त्याहून अधिक असतो.

यावरून सामान्य नियम निघतो तो असा. ज्या गिटारमध्यें बॅटरी नाहीं, तिचा प्रवाह दुबळा. तिला ॲक्टिव्ह पेटी मानवते. जिच्या पोटांतच बॅटरीवर चालणारा प्री-अँप आहे, तिचा प्रवाह सशक्त; तिला पॅसिव्ह पेटी उत्तम चालते. हा नियम लोखंडी मात्र नव्हे. चांगल्या ट्रान्सफॉर्मरच्या पॅसिव्ह पेटीनें बॅटरी नसलेल्या गिटारचीं टोकें किंचित् बोथट होतात, आणि कित्येकांना तोच गोलवा हवा असतो.

प्री-अँप ह्या शब्दानें पुष्कळ घोटाळा होतो, कारण तो तीन निरनिराळ्या वस्तूंना लावतात. एक गिटारच्या पोटांतला, बॅटरीवर चालणारा. दुसरा मिक्सरमधला किंवा स्वतंत्र पेटींतला, मायक्रोफोनचा क्षीण प्रवाह मोठा करणारा. तिसरा पायाशीं ठेवून बेसचा नाद बदलण्याचा. टेक २१ ह्या कंपनीची १९९४ सालीं निघालेली ‘सॅन्सअँप बेस ड्रायव्हर’ ही ह्या तिसऱ्या वर्गांतली, आणि तींत डायरेक्ट बॉक्सहि अंतर्भूत आहे. साध्या डायरेक्ट बॉक्समधून निघणारा प्रवाह मायक्रोफोनच्या बेताचा असतो, म्हणून त्याच्यापुढें दुसऱ्या जातीचा प्री-अँप लागतोच. मुलगा ‘प्री-अँप’ म्हणतो तेव्हां तो तिघांतील कोणता, हें आधीं विचारावें. पुष्कळ वेळां अर्धा प्रश्न तेथेंच सुटतो.

आतां घरांतील इंटरफेसकडे वळूं. त्याच्या एका खांचेवर ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ असें लिहिलेलें, अगर गिटारचें चित्र काढलेलें आहे काय, तें पाहावें. असल्यास त्या खांचेचा इंपीडन्स बहुधा १० लाख ओहमांच्या जवळपास असतो. म्हणजे डायरेक्ट बॉक्स आणि प्री-अँप ह्या दोहोंचें काम तेथें आधींच होत आहे. वेगळी पेटी घेण्याची गरज नाहीं. पुष्कळांची तक्रार असते कीं ‘आवाज मेला आहे’. तिचें कारण बहुधा इतकेंच, कीं गिटार ‘लाइन’च्या खांचेंत लावलेली असते, आणि तेथें इंपीडन्स अवघा १० ते २० हजार ओहम असतो. खांच बदलली कीं हजारों रुपये वांचतात.

पेटी खरोखर लागते ती अशा वेळीं: इंटरफेसला ही खांच नसेल, गिटारपासून यंत्रापर्यंत आठ-दहा मीटरांची तार न्यावी लागत असेल, कारण साधी तार लांबत गेली कीं उपस्वर खाते, एकाच वेळीं ध्वनिमुद्रण आणि अँप्लिफायर दोन्ही हवे असतील, किंवा रंगमंचावर वाजवावयाचें असेल. अशा वेळीं जेन्सन ट्रान्सफॉर्मर असलेली रेडियल कंपनीची ‘जे-डी-आय’ ही पॅसिव्ह पेटी आणि कंट्रीमन कंपनीची ‘टाइप ८५’ ही ॲक्टिव्ह पेटी जाणकारांच्या विश्वासाला उतरलेल्या आहेत.

नाद रंगविणाऱ्या महाग प्री-अँपविषयीं मात्र सावधपणा हवा. भाजींत मीठ मागून घालतां येतें. घातलेलें काढतां येत नाहीं. स्वच्छ मुद्रित केलेल्या बेसवर संगणकांत वाटेल तो रंग मागाहून चढवितां येतो. रंगवूनच मुद्रित केलेला बेस पुन्हा स्वच्छ होत नाहीं. नवशिक्यानें म्हणून प्रथम स्वच्छ मुद्रण करावें, आणि सर्वांत जोराचा आघातहि मोजपट्टीच्या शून्यापासून ६ ते १० डेसिबल खालीं राहील असें पाहावें.

पेटीनें नाद निर्माण होत नाहीं, याचें उत्तम प्रमाण अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरांत सांपडतें. तेथें वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एक राहतें घर १९५९ सालीं बेरी गॉर्डी यांनीं घेतलें आणि त्यांत मोटाउन कंपनीचें ध्वनिमुद्रणगृह थाटलें. तेथें बेसचा प्रवाह मायक्रोफोन मध्यें न घेतां सरळ मिक्सरकडे नेण्याची पद्धत होती. वाजविणारे होते जेम्स जेमर्सन. त्यांच्या फेंडर बेसवर गुळगुळीत वेढ्यांच्या जाड तारा असत आणि त्या ते क्वचितच बदलीत. उजव्या हाताच्या केवळ तर्जनीनें ते सारें वाजवीत. मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांचीं नांवें सहसा छापीत नसत. मार्व्हिन गे यांच्या १९७१ सालच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ह्या तबकडीच्या वेष्टनावर मात्र जेमर्सन यांचें नांव आलें. १९८३ सालीं ते वारले. त्यांच्या बोटाखालीं जें होतें, तें त्या सरळ वाटेनें जसेंच्या तसें पुढें गेलें. त्या वाटेचें श्रेय एवढेंच, आणि तें थोडें नव्हे.

एक गोष्ट जिवाशीं निगडित आहे, ती प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावी. ध्वनिमुद्रणांत गुणगुण शिरते, तिचें मूळ पुष्कळदां आपल्या घरच्या ५० कंपनांच्या विजेंत असतें. ती घालविण्यासाठीं पेटीवर ‘ग्राउंड लिफ्ट’ नांवाचें बटण असतें, आणि तें दाबणें सुरक्षित आहे. कारण त्यानें केवळ आवाजाच्या तारेचें वेष्टन तुटतें. परंतु कित्येक जण अँप्लिफायरच्या किंवा संगणकाच्या प्लगचा जाड तिसरा पाय काढून टाकतात किंवा दोन पायांच्या खांचेंत प्लग बसवितात. यानें गुणगुण थांबेल; पण यंत्रांत बिघाड होऊन वीज धातूच्या पेटींत उतरली, तर ती गिटारच्या तारांतून वाजविणाऱ्याच्या हातांत येईल. जमिनीचा पाय हा जीव वांचविणारा पाय आहे. तो कधींहि काढूं देऊं नये.

एवढें पाहूनहि पेटी घ्यावयाची ठरली, तर पारख घरींच करावी. शक्य तर दोन पेट्या चार दिवसांसाठीं मागून आणाव्या. एकच तुकडा दोहोंतून मुद्रित करावा आणि दोन्ही मुद्रणें अगदीं सारख्या उंचीवर आणावीं. कारण जें किंचित् मोठें तें कानाला नेहमींच अधिक चांगलें वाटतें. मग बहिणीनें किंवा भावानें, कोणतें मुद्रण चालू आहे हें न सांगतां, एकामागून एक लावावें, आणि तेंहि तबला, पेटी, गळा अशा इतर आवाजांच्या संगतींत. दहा वेळां ऐकून फरक ओळखतां आला नाहीं, तर स्वस्त पेटी घ्यावी किंवा घेऊंच नये. त्या पैशांत नव्या तारा, गिटारची नीट जुळणी, चांगले हेडफोन आणि वर्षभराची शिकवणी येते.

सरळ मुद्रणाचा एक लाभ एकत्र कुटुंबाला विशेष मोलाचा आहे. यांत अँप्लिफायर लागत नाहीं. रात्रीं अकरा वाजतां मुलगी हेडफोन लावून मनसोक्त खर्ज वाजवील आणि शेजारच्या खोलींत आजोबांची झोंप मोडणार नाहीं. एवढें साधत असेल आणि घरच्या इंटरफेसला ती खांच नसेल, तर एक साधी ॲक्टिव्ह पेटी खुशाल आणून द्यावी.