उन्हाळ्यातलं कोकण : थोडक्यात

- हंगाम : मार्च ते मे. हवा दमट, दुपारी उकाडा. दक्षिण कोकणात मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो.
- रेल्वे : कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत. पूर्ण मार्ग १९९८ पासून सुरू. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किमी लांब.
- रस्ता : राष्ट्रीय महामार्ग ६६, पनवेल ते कन्याकुमारी. किनाऱ्यालगतचा सागरी मार्ग वेगळा; त्यावर दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ अशा ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवून खाडी ओलांडतात.
- जलदुर्ग : चारही बाजूंनी पाणी असलेला किल्ला. मालवणचा सिंधुदुर्ग (बांधकामास प्रारंभ १६६४) आणि मुरूडचा जंजिरा येथे होडीनेच जावे लागते. विजयदुर्गाला मात्र जमिनीवरून वाट आहे.
- आंबा : कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन. हापूस कापून खाण्याचा, पायरी प्रामुख्याने रसाचा.
- रातांबा, आमसूल, आगळ : रातांबा हे कोकमाचे फळ. त्याची वाळवलेली साल म्हणजे आमसूल, मीठ घालून काढलेला रस म्हणजे आगळ. आगळ आणि नारळाचे दूध मिळून सोलकढी.
- बंद काळ : पावसाळ्यात सिंधुदुर्गाची होडीसेवा व जलक्रीडा बंद असतात.