आधी जपान, मग सातारा

मराठी घरात ‘टोटल वॉर’ या संगणकावरच्या खेळाची मागणी होते ती बहुधा ‘त्यात मराठे आहेत’ या एका वाक्यावर. वाक्य खरं आहे. २००९ सालच्या ‘एम्पायर’मध्ये इंग्लंड, फ्रान्स, प्रशियाच्या पंगतीला मराठ्यांचं राज्यही मांडलं आहे आणि ते आपल्याला चालवता येतं. पण कर्जाचा अर्ज कितीही भावनेनं लिहिलेला असो, आधी परतफेडीची ऐपत पाहायची, ही बँकेतली जुनी सवय काही सुटत नाही. तेव्हा पहिला खेळ म्हणून ‘एम्पायर’चा अर्ज मी नामंजूर करतो. कारणं देतो.

इंग्लंडमधल्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीनं २००० साली ‘शोगन’ काढला. त्यानंतर ‘मिडीव्हल’, ‘रोम’ अशी मालिका चालूच आहे. हे कादंबरीचे खंड नव्हेत. प्रत्येकाचा देश वेगळा, काळ वेगळा; पहिल्यावाचून दुसरा अडत नाही. घडण मात्र एकच. नकाशावर सावकाश, आळीपाळीनं राज्य चालवायचं: कर, रस्ते, बाजार, तह. दोन सैन्यं भिडली की नकाशा बाजूला होतो आणि खरोखरीचं रणांगण समोर येतं. तिथं कुणी कुणाच्या पाळीची वाट पाहत नाही.

‘एम्पायर’ सुरू होतो १७०० साली. त्या वर्षी आपल्याकडे काय चाललं होतं? मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले. औरंगजेब दख्खनमध्ये ठाण मांडून एकेक किल्ला घेत होता. साताऱ्याचा किल्लाही त्यानं त्याच वर्षी घेतला. आणि राज्याची दोरी ताराबाईंनी हाती धरली. खेळ या राज्याला ‘मराठा कॉन्फेडरसी’ म्हणतो! शिंदे, होळकर, गायकवाड यांची घराणी उभी राहायला अजून दोन-तीन दशकं होती. त्या वर्षांत मराठे तगले ते बव्हंशी समोरासमोरची गाठ टाळून, आणि हा खेळ तर बंदुकवाल्यांच्या समोरासमोरच्या रांगांवर उभा. त्यात युरोप, अमेरिका, हिंदुस्थान असे तीन रंगमंच, वर समुद्रावरच्या लढाया. नवशिक्याची तिरपीट उडते. दुसऱ्याचं राज्य बुडालं तर मूल हसून पुन्हा सुरू करतं. आपल्या नावाचं राज्य तासाभरात बुडवलेलं मूल त्या खेळाकडे पुन्हा फिरकत नाही. इतिहासाकडेही कधी कधी फिरकत नाही, आणि मला काळजी त्याची आहे.

पहिला खेळ घ्यावा तो २०११ सालचा ‘शोगन २’. एकच देश, जपान. काळ १५४५च्या पुढचा, सरदार-सरदारांच्या यादवीचा. सगळ्यांकडे जवळपास त्याच फौजा, त्यामुळे नियम लवकर अंगवळणी पडतात: भालाईत घोडेस्वारांना थोपवतो, घोडेस्वार तिरंदाजांना तुडवतो, तलवारबाज भालाइताला भारी पडतो.

मला स्वतःला रस वाटला तो खजिन्यात. तिथलं चलन कोकू. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. जपानात सरदाराची ऐपत खरोखरच या मापानं मोजत. म्हणजे तारण आणि चलन एकच! किल्ला वाढवला, बाजार मोठा केला, की धान्य जास्त लागतं. तुटवडा पडला की रयत बिघडते. फौज उभी करणं सोपं, दर हंगामाला तिचा खर्च भागवणं अवघड. कर्ज काढून कारखाना उभारणारे आणि मग पगाराला पैसे नसणारे कितीतरी गृहस्थ मी टेबलापलीकडे बसलेले पाहिले आहेत.

आणि या खेळात एक वळण असं आहे, की त्यासाठीच तो घ्यावा. आपली कीर्ती एका मर्यादेपलीकडे गेली की हा नवा माणूस शोगनच होऊ पाहतो म्हणून बाकीचे सरदार एकजूट करून उलटतात. व्यापाराचे करार तुटतात, उत्पन्न एकदम खाली येतं. माझी नात नववीत आहे. त्या दिवशी ती ओरडली, ‘‘आजोबा, तह केलेलेसुद्धा उलटले!’’ मी म्हटलं, ‘‘शिल्लक किती ठेवलीयेस ते सांग.’’ शिल्लक नव्हतीच. ती दोन दिवस माझ्याशी बेताचंच बोलली. पुढच्या खेळात तिनं आधी कोठार भरलं, मग क्योटोवर चाल केली.

सुरुवातीला चोसोकाबे घराणं निवडावं. शिकोकू बेटावर घर, सभोवती समुद्र, तिरंदाज उत्तम आणि शेतीचं उत्पन्न इतरांपेक्षा बरं. आयांसाठी एक सूचना: रणांगणावरचं रक्त दाखवणारी पुरवणी कंपनी वेगळी विकते. ती घेऊ नये, म्हणजे झालं.

‘रोम’ला (२००४) मान आहे, बीबीसीनं ‘टाइम कमांडर्स’ या कार्यक्रमात जुन्या लढाया उभ्या केल्या त्या त्याच्याच यंत्रणेवर. पण त्यातले इजिप्तवाले हजारएक वर्षं मागच्या पोशाखात वावरतात! ज्यांना लढाईपेक्षा माणसं आवडतात त्यांनी ‘थ्री किंगडम्स’ (२०१९) पाहावा. चीनमधला, १९० सालापासूनचा. सरदारांचे रुसवेफुगवे, मैत्री, वैर यांवर फौजांची निष्ठा हलते. इतिहासाच्या अंगानं खेळायचं की कादंबरीच्या, हेही निवडता येतं. कादंबरीकार म्हणून मी काय निवडलं ते सांगायला नको.

‘एम्पायर’ जरूर घ्यावा, पण सहा महिन्यांनी. तेवढ्यात ताराबाईंवरचं एखादं चांगलं पुस्तक घरात आणून ठेवता येतं.